पंचाची बाटली

माजरीला धूळ किती, तर सकाळी पांढराशुभ्र उडालेला बगळा संध्याकाळी कावळा होऊन परततो आणि त्याची बायको त्याला घरट्यात घेत नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मी गुरांचा डॉक्टर. पशुपक्ष्यांच्या घरगुती भानगडी माझ्या कानावर आल्याशिवाय राहत नाहीत. त्या गावात एक माणूस रोज दुपारी चार वाजता धुतलेला सदरा घालून अंगणात उभा राहायचा आणि बर्फाचा खडा उन्हाकडे धरून त्यात कोळशाचा कण आहे का ते बघायचा, असं मी सांगितलं की लोक तेही बगळ्याच्याच खात्यात टाकतात. टाकू देत. या माणसाबद्दल मी एक अक्षरही वाढवून सांगणार नाही. म्हणजे फारसं नाही.

ते माझे घरमालक. सगळी माजरी त्यांना नुसतं भाऊ म्हणायची. मी वरच्या खोलीत राहायचो, भाऊ खाली. माझी तिथली नेमणूक तीन वर्षांची. पण सरकार मला तिथे ठेवून विसरलं आणि मीही आठवण करून दिली नाही. कारण खाली भाऊ होते, आणि भाऊ घरी कॉकटेल बनवत.

हसू नका. मुंबईत कोणी कॉकटेल बनवलं तर तो शौक. माजरीत, खाणीच्या रेल्वे सायडिंगपासून हाकेच्या अंतरावर, टिनाच्या छपराखाली, कोणी लिंबाचे थेंब ड्रॉपरनं मोजायला लागला तर तो तमाशा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, भाऊ होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत.

भाऊ खाणीत सॅम्पलर होते. नमुने काढणारे. हे काम काय ते सांगितल्याशिवाय माणूस समजायचा नाही. खाणीतून कोळसा निघतो, पॉवर हाऊस तो विकत घेतं. कोळशात राख किती आणि ओल किती यावरून त्याची प्रत, म्हणजे ग्रेड, ठरते, आणि त्यावर खाण नि पॉवर हाऊस यांचं एकमत होणं हे विळ्याभोपळ्याचं लग्न लागण्यासारखं. म्हणून गाडी भरली की दोन्ही बाजूंचा एकेक माणूस वॅगनपाशी उभा राहतो. कोळसा काढायचा, कुटायचा, त्याचा ढीग करायचा, ढीग चपटा करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्या दोनांचा पुन्हा ढीग. असं करत करत चार मुठी उरल्या की त्यांचे तीन वाटे. एक खाणीचा, एक घेणाऱ्याचा, आणि तिसरा पिशवीत घालून, लाख वितळवून, मोहोर मारून ठेवायचा. तो पंचाचा नमुना. वाद झाला तरच उघडायचा. आणि तोही ज्याची तक्रार असेल त्यानं लेखी अर्ज केला तर.

तीस वर्षं भाऊंनी हे केलं, आणि ते त्यांच्या अंगात असं मुरलं की निवृत्तीनंतरही सुटलं नाही. पाहुण्यांपुढे पोहे ठेवायचे तरी आधी परातीत ढीग, मग चपटा, मग चार भाग. बाजारात वांगी घेताना टोपलीच्या चार कोपऱ्यांतून एकेक उचलत. माणसांनाही प्रत लावत. आमचे सरपंच त्यांच्या मते 'माल चांगला, पण ओल जास्त'. माझ्याबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवशीच झालं. मी माझ्या चिमूरच्या दिवसांतली, वाघानं सोडून दिलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होतो. भाऊंनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बोलण्यात चाळीस टक्के राख आहे. पण जळते मस्त."

लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "दोन खेपा नमुना घ्याले गेलो होतो. दोन्ही खेपा पार्टी हजर नव्हती." एवढं बोलून बर्फाकडे वळत.

कॉकटेलचं वेड त्यांना एका पुस्तकातून लागलं. कोणा इंजिनिअरसाहेबांनी बदलीच्या वेळी रद्दीत टाकलेलं इंग्रजी पुस्तक. भाऊंनी ते नवीन प्रयोगशाळेची नियमावली समजून उचललं. "अन् निंघाली नियमावलीच," ते सांगत. "कोणती वस्तू, किती मिली, कोणत्या क्रमानं, किती वेळ हलवाची. सगळं लिवलेलं. दारूचं पुस्तक आहे हे मले अकराव्या पानावर समजलं." तोवर ते त्यात पार अडकले होते.

हलवायला त्यांच्याकडे दुधाचा कडीवाला स्टीलचा डबा होता. झाकण घट्ट लावून, वर पंचा गुंडाळून, छातीशी धरून हलवत आणि मोठ्यानं मोजत. किती? एकोणसाठ. मालगाडीला एकोणसाठ वॅगन असतात म्हणून. एकोणसाठ झाले की एक क्षण थांबून हळूच एकदा हलवत. तो गार्डाचा डबा.

आणि मग तीन ग्लास. नेहमी तीनच. एक त्यांचा, एक समोरच्याचा, आणि तिसरा छोट्या काचेच्या बाटलीत ओतून, बूच लावून, त्यावर लाख वितळवून, आडवी सही करून, फ्रिजमध्ये. पंचाचा नमुना. भाऊंच्या फ्रिजमध्ये भाजी ठेवायला जागा नसायची. भेंडी बिचारी बाहेर वाळून जायची आणि आत मोहोरबंद बाटल्या ओळीनं न्यायाची वाट बघत बसलेल्या. दर तीन महिन्यांनी, ज्यावर वाद झाला नाही त्या बाटल्या भाऊ मोरीत रिकाम्या करत आणि पुसट आवाजात म्हणत, "बिनविरोध."

आता यातली खरी गंमत ऐका. भाऊ निवृत्त झाले, पुस्तक हाती लागलं, मोजपात्रं जमली, आणि जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदीच्या त्या वर्षांत जिल्ह्यात दारू मिळत नव्हती असं म्हणणारा एक तर परग्रहावरचा असला पाहिजे किंवा आमचे भाऊ. दुधाच्या कॅनमधून, शवपेटीतून, एकदा तर म्हणे नवरदेवाच्या फेट्यातून आली. भाऊंनी एक थेंब घरात येऊ दिला नाही. मोहफुलं आणायलासुद्धा तयार नव्हते. "नियम तो नियम जी."

पण प्रयोग थांबले नाहीत. भाऊ दारूच्या जागी उकळून गार केलेलं पाणी बरोबर साठ मिली मोजून घालत. त्या मोजपात्रावर चिठ्ठी होती: 'रम (गैरहजर)'. दुसऱ्यावर 'जिन (गैरहजर)'. बाकी सगळं खरं. लिंबू, साखरेचा पाक, अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, कवठाचा गर गाळून, जांभळाचा रस, टेंभराचा एकदा. ते म्हणत, "बाकीचे घटक सही जागी बसले पाह्यजे. मालक आला की त्याची खुर्ची तयार पाह्यजे." सहा वर्षं त्या माणसानं रिकाम्या खुर्चीभोवती घर बांधलं.

आणि दर गुरुवारी ते पाणी पिऊन त्यावर भांडायला एक माणूस राजुऱ्याहून दोन बस बदलून यायचा.

ते गजाभाऊ. पॉवर हाऊसचे सॅम्पलर. तीस वर्षं वॅगनच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलेले, भाऊंचे जन्माचे वैरी आणि, दुसरा कोणी नसल्यामुळे, जन्माचे दोस्त. सहा फूट उंच, अंगानं बांबू, आणि नाक असं की देवानं आधी नाक बनवलं आणि उरलेल्या मातीत गजाभाऊ. वॅगनचा दरवाजा उघडायच्या आत ते वासावरून कोळशातली ओल सांगत, आणि प्रयोगशाळेचा आकडा चार दिवसांनी त्यांच्या मागून लंगडत यायचा. हे मात्र खरं आहे. भाऊंनी सांगितलं, आणि भाऊ प्रतिपक्षाची तारीफ पुराव्याशिवाय करत नसत.

त्यांचे गुरुवार मी जिन्यावर बसून ऐकायचो. मला ग्लास नसे. मी पार्टी नव्हतो.

गजाभाऊ घोट घेत, डोळे मिटत, नाकातून श्वास सोडत.

"रम जास्त झाली बे."

"रम गैरहजर आहे."

"मंग गैरहजेरी जास्त झाली."

"साठ मिली मोजली मी."

"तुह्या मोजण्यावर भरवसा असता तं पॉवर हाऊसनं मले तीस वर्षं पगार काऊन देला असता?"

मग भाऊ निमूट उठत आणि लिंबाचे तीन थेंब कमी करून नवा ग्लास बनवत. एका वेळी एकच बदल, हा त्यांचा कायदा. लिंबू बदललं तर साखरेला हात लावायचा नाही. अंबाडीच्या त्या एका सरबतावर ते दोघं बारा गुरुवार बसले. तेराव्याला गजाभाऊ नुसतं "हं" म्हणाले. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. पोट भरलं होतं.

फ्रिजमधल्या बाटलीची मात्र कधी गरज पडली नाही. भांडण कितीही पेटलं तरी बस पकडायच्या आधी मिटायचं. गजाभाऊ चप्पल घालता घालता म्हणत, "चाल, अर्धी ग्रेड सोडली तुले." तीस वर्षांत भाऊंनी त्यांना कधी अर्धी ग्रेड सोडली नव्हती. भाऊंना सोडताच येत नसे. जे आहे ते लिहायचं, एवढंच त्यांना येत होतं.

मग तो तापाचा उन्हाळा आला. त्याबद्दल मी गोष्टी सांगत नाही. गुरुवार बंद पडले. राजुऱ्याला गजाभाऊंना ताप आला, बरेच दिवस राहिला, उतरला. भाऊ रोज चार वाजता फोन लावत आणि फोनवर दोघं एकमेकांना फक्त शिव्या देत. शिव्या द्यायचा आवाज खणखणीत आहे ना, एवढंच भाऊंना तपासायचं असायचं.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात बंदी उठली. दुकानं उघडली तेव्हा रांगा अशा लागल्या की एका रांगेचं टोक चंद्रपुरात आणि शेपूट वरोऱ्यात. भाऊ तिसऱ्या दिवशी गेले, छत्री घेऊन, सदऱ्याची वरची गुंडी लावून, आणि रमची एक बाटली घेऊन आले. उघडली नाही. 'गैरहजर'ची चिठ्ठी काढून ताकात पडलेली माशी उचलावी तशी चिमटीत धरून बाहेर टाकली. आणि राजुऱ्याला फोन लावला. "गुरुवारी ये. मालक आला."

त्या गुरुवारी मी नव्हतो. एका खेड्यात गाय अडली होती आणि वासराला बाहेर यायची घाई नव्हती. परतलो तेव्हा उजेड अजून होता. भाऊ टेबलापाशी बसले होते. त्यांच्यापुढे एक रिकामा ग्लास, एक अर्धा भरलेला ग्लास, आणि मोहोर मारलेली बाटली. लाख अजून ऊन होती. बाजूला बशीत दोन लिंबं कापून ठेवलेली, कडेनं सुकायला लागलेली.

"गजाभाऊ गेले एवढ्यात?" मी विचारलं.

"गेला."

"काय म्हणाले?"

"लिंबू जास्त झालं म्हने." भाऊ बाटलीकडे बघत होते. "वाद झाला. मी म्हटलं पंधरा मिली मोजून टाकलं. तो म्हने नाई. मी म्हटलं, पंचाचा नमुना सील करतो, तू अर्ज कर. तो म्हने, करतो. निंघून गेला."

मी हसलो. मला वाटलं, पुढच्या गुरुवारी अर्धी ग्रेड सुटेल.

पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भाऊ फोन करीनात आणि गजाभाऊही करीनात. अर्ज आल्याशिवाय बाटली उघडत नाही, बाटली उघडल्याशिवाय वाद मिटत नाही, आणि वाद चालू असताना एका पार्टीनं दुसऱ्या पार्टीच्या घरी जायचं नाही. तीस वर्षांचा नियम. दोन देशांनी सीमेवर तारा लावून घ्याव्यात तसं दोघांनी आपापल्या गावाला नियम लावून घेतला. दोन पावसाळे गेले.

या काळात भाऊंचा दुसरा ग्लास मला मिळू लागला. मी सुखी झालो असं तुम्हांला वाटेल. मीही तसंच समजत होतो. आता दुकानात सगळं मिळत होतं, मोहफुलं घरात यायला हरकत नव्हती. भाऊंनी मोहाच्या फुलांचा पाक करून त्यात रम घातली आणि त्याचा पहिला घोट घेतल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलापल्लीचं सगळं जंगल उभं राहिलं, झाडं मोजता आली असती. मी म्हटलं, "झकास." दुसऱ्या दिवशी जिन आणि कवठ. मी म्हटलं, "झकास." तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मीठ घालून दिलं. मी घरमालकाचा मान राखून म्हटलं, "झकास, भाऊ."

भाऊंनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. रागानं नाही. "तुमी चांगलं म्हणता अन् मले काहीच समजत नाई, डॉक्टर," ते म्हणाले. "कोणीतरी नाई म्हणाले पाह्यजे."

त्यानंतर मी तक्रारी शोधायचा प्रयत्न केला. पण भाऊंना नमुना कळायचा. माझी नाही खोटी आहे हे त्यांना माझ्या हो इतकंच लगेच कळायचं. एकेका संध्याकाळी ते ग्लास समोर घेऊन बसत, ड्रॉपर हातात, काय कमी करावं ते न कळून. सायडिंगवरून गाडी जायची. ते ओठांत वॅगन मोजत. फ्रिजमध्ये बाकी सगळ्या बाटल्या तीन महिन्यांनी मोरीत जायच्या. ती एक मागच्या कोपऱ्यात तशीच होती.

शेवटी मी राजुऱ्याला गेलो. काम होतं म्हणून गेलो असं भाऊंना सांगितलं. खरं म्हणजे तिथल्या एकाही गुराला माझी गरज नव्हती.

गजाभाऊ पडवीत खाटेवर बसले होते. बांबूचा आता वेत झाला होता. नाक मात्र तेवढंच. त्यांनी मला बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "तो बुढा काय करून राह्यला?"

"वाट पाहतायत. तुमच्या अर्जाची."

"करतो म्हणा. सवडीनं करतो. घाई काय आहे?" आणि त्यांनी विषय पावसावर नेला, पावसावरून धानावर, धानावरून माझ्या पगारावर. तेवढ्यात आत दूध उतू गेलं आणि करपलं. असं करपलं की माझे डोळे चुरचुरले. शेजारचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. सूनबाई आत धावली. गजाभाऊ माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाले, "चहाचा वास मस्त सुटला, नाई का जी?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, सुनेची लाज राखताहेत. निघताना मी पुन्हा म्हटलं, "गजाभाऊ, एक कागद द्या, मी घेऊन जातो."

"कागदानं काय होते," ते म्हणाले. "बाटली उघडली तं समजते सगळं." आणि ते का कोण जाणे, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं. माणसाला देवानं खोटं बोलायची कला दिली असेल तर ती वाघानं सोडलेल्या म्हशींच्या गोष्टी सांगण्यातच का वाया घालवावी? मी घरी येऊन गजाभाऊंच्या वतीनं अर्ज लिहिला. 'महोदय, वादग्रस्त नमुना नियमानुसार उघडण्यात यावा ही नम्र विनंती.' खाली थरथरत्या हातानं सही. बैलाच्या विम्याच्या दाखल्यांवर मी याहून कठीण सह्या जमवल्या आहेत. म्हणजे, तसं लोक म्हणतात. पाकिटात घालून राजुऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून टपालात टाकवला.

अर्ज आला. भाऊंनी चष्मा पुसून वाचला. दोनदा. मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"त्यानं तीस वर्षांत एकही कागद टाइमावर देला नाई," ते म्हणाले. "अन् मले महोदय तं त्यानं माझ्या निरोप समारंभातबी म्हटलं नाई."

मी छपराचं टिन मोजू लागलो.

भाऊंनी कागदाची घडी केली. ती खिशात ठेवली. मी आता खोली सोडायला सांगतील म्हणून तयारीत होतो. ते म्हणाले, "असो. अर्ज आला म्हंजे आला." आणि त्यांनी राजुऱ्याला नोटीस पाठवली. येत्या गुरुवारी, चार वाजता, दोन्ही पार्ट्यांसमोर नमुना उघडण्यात येईल.

गुरुवारी भाऊंनी तीनलाच सदरा घातला. बर्फ उन्हाकडे धरून पाहिला. दोन खुर्च्या समोरासमोर, बाटली मधे. चारची बस गेली, धूळ उडाली, बसली. साडेचार झाले. पाच वाजता पुढची बस आली आणि तिच्यातून दोन बाया आणि एक कोंबडा उतरला.

"येत नाही वाटतं," मी म्हटलं.

"नाई येणार," भाऊ म्हणाले. त्यांना ते आधीपासून माहीत असावं असा त्यांचा आवाज होता. "नोटीस देऊन पार्टी हजर नसली तं साक्षीदारासमोर एकतर्फी उघडता येते. तुमी साक्षीदार. बसा."

मी गजाभाऊंच्या खुर्चीत बसलो. भाऊंनी मोहोर मला दाखवली, अखंड आहे असं माझ्याकडून वदवून घेतलं, मग चाकूनं लाख फोडली. थोडं माझ्या ग्लासात, थोडं स्वतःच्या. स्वतः प्यायले नाहीत. मला म्हणाले, "घ्या. अन् झकास म्हणू नोका."

मी घोट घेतला. रम होती. साखर होती. अजून एक घोट घेतला. दाट, गोड, जड. जिभेवर काहीतरी यायला हवं होतं ते येत नव्हतं, पायरी चुकावी तसं.

"भाऊ, यात लिंबू..."

"बोला."

"लिंबू नाही."

"जास्त नाई?"

"नाहीच आहे."

भाऊंनी मान हलवली. "टाकलंच नाई मी. सहा वर्षं वाट पाह्यली ना जी. रमची बाटली उघडली तं भानच नाई राह्यलं. लिंबं कापून ठेवले, अन् ते बशीतच राह्यले. त्याले ग्लास देला. तो म्हने लिंबू जास्त झालं. मी चिडलो. पंधरा मिली, पंधरा मिली करून भांडलो. तो गेला, अन् मंग मी माझा ग्लास उचलला."

सायडिंगवर इंजिन नुसतंच धडधडत उभं होतं. मला राजुऱ्याचं करपलेलं दूध आठवलं, आणि त्या धुरात चहाच्या वासाची तारीफ करणारं ते नाक.

"तापात गेलं," भाऊ म्हणाले. "वासबी, चवबी. परत आलं नसन. अन् त्यानं मले सांगतलं नाई. अंदाजानं बोलला. लिंबाबद्दल तो नेहमीच बोलत होता, म्हणून बोलला."

"मग तुम्ही जाऊन सांगायचं होतं. मला माहीत आहे म्हणून."

"काय सांगू? तुह्यं नाक गेलं म्हणून? त्याच्यापाशी दुसरं आहे काय?" ते थांबले. "मी अर्ज करा म्हटलं, तवाच तो घाबरला. बाटली उघडली तं समजते सगळं. म्हणून त्यानं अर्ज केला नाई. अन् मी उघडू कसा? उघडलं तं निकाल लिवा लागते. खरा लिवला तं तो मेला. अन् खोटा..."

खोटा लिहिणं त्यांना येत नाही हे मला सांगायची गरज नव्हती. अडीच वर्षं ती बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात का पडून होती, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला दोन म्हाताऱ्यांचा हट्ट समजत होतो.

भाऊंनी खिशातून माझा अर्ज काढला, उलगडला, टेबलावर नीट पसरला. "तुमी बरं केलं," ते म्हणाले. "मले कोणीतरी सुरवात करून द्याले पाह्यजे होती." मग जुनं रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवून रेघ मारली, आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: 'पंचाचा नमुना साक्षीदारासमोर तपासला. लिंबू जास्त आढळले. घेणाऱ्याची तक्रार योग्य.' सही केली. रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

मी आयुष्यात हजार खोट्या गोष्टींना साक्ष दिली आहे आणि एकदाही हात अडखळला नाही. त्या दिवशी अडखळला.

निकालाची नक्कल मीच राजुऱ्याला घेऊन गेलो. गजाभाऊंनी ती वाचली. कागद डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचली.

"त्यानं सोता चाखलं?"

"माझ्यासमोर," मी म्हटलं. भाऊंनी तो ग्लास ओठाला लावला नव्हता. अडीच वर्षांपूर्वी लावला होता.

"अन् हे त्यानंच लिवलं?"

"त्यांनीच."

"तीस वर्षांत त्यानं मले अर्धी ग्रेड सोडली नाई," ते म्हणाले. त्यांना समजलं की नाही, मी आजही सांगू शकत नाही, आणि मी काहीही सांगू शकतो असा माझा लौकिक आहे. त्यांनी सुनेला हाक मारून धुतलेला सदरा कुठे आहे ते विचारलं.

पुढच्या गुरुवारी चारच्या बसमधून नाक उतरलं आणि मागून गजाभाऊ. दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या. भाऊंनी रम मोजली, पाक मोजला, लिंबू पिळून पंधरा मिली मोजलं आणि घातलं. या वेळी मी लक्ष ठेवून होतो. डबा छातीशी धरून एकोणसाठ वॅगन मोजल्या, गार्डाचा डबा मोजला. मी जिन्यावर माझ्या जागेवर बसलो.

गजाभाऊंनी घोट घेतला, डोळे मिटले, नाकातून श्वास सोडला.

"लिंबू जास्त झालं बे."

भाऊंनी आपल्या ग्लासातला घोट घेतला. ते बरोबर होतं. इतकं बरोबर की तो घोट त्यांनी लगेच गिळला नाही. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, गप्प राहा म्हणून नव्हे, तर फक्त पाहिलं, आणि म्हणाले, "हो. पुढच्या खेपेले कमी करतो."

लाखेची कांडी खिडकीत होती तिथेच होती. टेबलावर ग्लास दोनच होते, पंचाची बाटली नव्हती.